रेड रोडचे आठ टॉवर आणि आपल्याकडची निळी भिंत

पोस्ट मोठी आहे, आधीच सांगतो. आत्ता वेळ नसेल तर सेव्ह करून ठेवा, रात्री जेवण झाल्यावर वाचा.

गेल्या मंगळवारी आपल्या गावातली सफाई कामगारांची जुनी क्वार्टर्स पाडली. बातमी तुम्ही वाचली असेल, मीच दिली होती. ‘धोकादायक इमारत अखेर जमीनदोस्त’, हा मथळाही माझाच. पोकलेनचा फोटो, साहेबांचं दोन ओळींचं म्हणणं, वाहतूक कुठून वळवली होती त्याची माहिती. संपली बातमी. समोरच्या टपरीच्या पत्र्यावर पोरं मोबाईल घेऊन चढली होती. पोकलेनचा दात भिंतीला लागला, मोठा तुकडा खाली आला की शिट्ट्या. खोटं कशाला बोलू, मी पण व्हिडिओ काढत होतो. चांगला आला होता. साडेसहाशे लाईक पडले.

तेवढ्यात शेजारी उभ्या असलेल्या एक मावशी म्हणाल्या, “भाऊ, दुसऱ्या मजल्यावर ती निळी भिंत दिसतीय का? माझं स्वयंपाकघर ते. मागच्या दिवाळीला रंग दिला होता.”

मी वर बघितलं. इमारतीचं पुढचं अंग कापलं गेलं होतं आणि एकेका घराची आतली बाजू भर रस्त्याला उघडी पडली होती. एक निळी, एक गुलाबी, एकीकडं फरशीचा उरलेला ओटा, एका भिंतीवर कॅलेंडरचा खिळा आणि त्याच्याभोवती न काळवंडलेला चौकोन. मावशींचं वाक्य मी बातमीत घेतलं नाही. जागा नव्हती, असं स्वतःला सांगितलं. वीस वर्षं या धंद्यात आहे, जागा कधी असते आणि कधी नसते हे मला चांगलं कळतं.

त्या रात्री मला ग्लासगो आठवलं.

मी ग्लासगोला कधी गेलेलो नाही. पासपोर्ट काढलाय, तो कोराच आहे. पण ११ ऑक्टोबर २०१५ च्या रविवारी मी एका जिल्हा दैनिकाच्या डेस्कवर संध्याकाळच्या पाळीला होतो. एजन्सीकडून एक फोटो आला. धुळीचा प्रचंड ढग आणि त्यातून डोकं वर काढून उभे असलेले दोन वाकडे टॉवर. स्कॉटलंडमधल्या ग्लासगो शहरात रेड रोड नावाची वसाहत होती, तिथले शेवटचे सहा टॉवर एकाच वेळी स्फोटानं पाडायचे होते. चार नीट पडले. दोन अर्धवटच खाली बसले आणि दहा-एक मजले तसेच उभे राहिले. मी ओळ टाकली, ‘पाडायला गेले, दोघे अडून बसले!’ डेस्कवर सगळे हसले. आतल्या पानावर तीन कॉलम फोटो गेला.

पुढं एकदा रिकामपणात त्या टॉवरचा व्हिडिओ शोधला. मग त्यावर वाचत गेलो, वाचतच गेलो. आज जे लिहितोय ते त्या वाचनातलं आहे. आपल्या क्वार्टर्सशी त्याचा संबंध काय, ते पुढं येईलच.

आधी हे लोक कोण होते ते बघू. ग्लासगो म्हणजे जहाजं आणि रेल्वे इंजिनं बनवणारं शहर. रेड रोडच्या जवळच स्प्रिंगबर्न नावाचा भाग आहे. तिथं नॉर्थ ब्रिटिश लोकोमोटिव्ह या कंपनीचे कारखाने होते. दौंड, मनमाड, भुसावळकडच्या जुन्या रेल्वेवाल्यांना हे नाव ओळखीचं असेल. आपल्या मालगाड्या ओढणारी डब्ल्यूजी जातीची वाफेची इंजिनं स्वातंत्र्यानंतर सुरुवातीला तिथूनच आली. म्हणजे ज्या हातांनी आपल्या गाड्यांची इंजिनं जुळवली, त्या हातांच्या वस्तीची ही गोष्ट आहे.

ही माणसं राहायची कशी? दगडी, तीन-चार मजली इमारतींत. तिथं त्याला टेनेमेंट म्हणतात, आपण चाळ म्हणू. एका खोलीच्या घराला त्यांच्याकडं ‘सिंगल एंड’ असं नाव होतं. आईबाप, चार-पाच पोरं, चूल, अंथरुणं, सगळं त्या एका खोलीत. संडास जिन्यात, तीन-चार बिऱ्हाडांत मिळून एक. ओल, क्षयरोग, उंदीर. परळ-लालबागच्या चाळीत ज्यांच्या आज्या राहिल्यात त्यांना वेगळं सांगायला नको. फक्त थंडी तिथली जास्त.

दुसरं महायुद्ध संपलं आणि ब्रिटनमध्ये सरकारनं ठरवलं की कामगाराला चांगलं घर देणं ही सरकारची जबाबदारी. हे नीट समजून घ्या, कारण आपल्याकडं यात गल्लत होते. आपली म्हाडा घर बांधते आणि लॉटरी काढून विकते. तिथं तसं नव्हतं. नगरपालिका, म्हणजे कौन्सिल, घर बांधायची आणि भाड्यानं द्यायची. मालक कायम कौन्सिलच. नळ गळला तरी कौन्सिलनं बघायचं, लिफ्ट बंद पडली तरी कौन्सिलनंच. आणि हे काही गरिबातल्या गरिबासाठीचं कोपऱ्यातलं प्रकरण नव्हतं. १९७० च्या दशकाच्या शेवटी स्कॉटलंडमधली निम्म्याहून जास्त कुटुंबं अशा सरकारी भाड्याच्या घरांत राहत होती. मास्तर, बस ड्रायव्हर, नर्स, कारखान्यातला फिटर, सगळे.

ग्लासगोपुढं अडचण जागेची होती. चाळी पाडायच्या, माणसं तितकीच, शहराबाहेर पसरायला आडकाठ्या. मग उंच जायचं ठरलं. १९६४ मध्ये रेड रोडचं काम सुरू झालं. आर्किटेक्ट सॅम बंटन. आठ इमारती. त्यातल्या दोन आडव्या लांबलचक भिंतीसारख्या, २८ मजली. सहा सरळसोट टॉवर, ३१ मजली, ८९ मीटर उंच. ४७०० माणसं राहतील असा हिशोब. बाकी ठिकाणी काँक्रीटचे टॉवर उठत होते, इथं मात्र पोलादाचा सांगाडा. पोलादाला आगीचं भय म्हणून आतून-बाहेरून ॲस्बेस्टॉसचे पत्रे आणि फळ्या. त्या काळी ॲस्बेस्टॉस म्हणजे स्वस्त आणि मस्त. ज्या सुतारांनी त्या फळ्या करवतीनं कापल्या, त्यांच्यातल्या कित्येकांना पुढं फुप्फुसाच्या आजारांनी गाठलं. इमारत बांधणाऱ्यांचा फोटो कुठल्याच उद्घाटनाच्या बातमीत नसतो, तसा तो तिथंही नव्हता.

१९६६ पासून कुटुंबं राहायला आली. आणि आता मी जे सांगणार आहे ते पाडापाडीच्या कुठल्याच व्हिडिओत सांगत नाहीत. लोक खूश होते. का नसतील? जन्मात पहिल्यांदा घरातला संडास. गरम पाण्याचा नळ. न्हाणीघराला दार आणि दाराला कडी. पोरांना वेगळी खोली. खिडकीतून सगळं शहर आणि उत्तरेचे डोंगर. माझी आई लग्न होऊन आली तेव्हा आमच्याकडं नळ अंगणात होता. तो घरात आला त्या दिवशी आईनं शेजारच्या काकूंना बोलवून तो सोडून दाखवला होता. तिसाव्या मजल्यावरच्या त्या बाईनं शेजारणीला कुणाच्या घरी नेऊन नळ दाखवला असेल? सगळ्यांकडं एकाच दिवशी आले होते ना!

वसाहतीच्या पोटात बिंगोचा हॉल होता आणि एक पब होता. संध्याकाळी बायका बिंगो खेळायला आणि पुरुष प्यायला. जोराचा वारा सुटला की टॉवर हलायचा, ते जाणवायचं, हे बऱ्याच रहिवाशांनी सांगून ठेवलंय. पोलादाचा सांगाडा तो, हलणारच.

अडचणी पण लगेच सुरू झाल्या. चाळीत आई खिडकीतून अंगणात खेळणाऱ्या पोराकडं लक्ष ठेवू शकायची, भूक लागली की वरूनच पावाचा तुकडा टाकायची. विसाव्या मजल्यावरून काय टाकणार? यावर ॲडम मॅकनॉटन नावाच्या ग्लासगोच्याच एका शिक्षकानं त्या काळात गाणं केलं. जॅम लावलेला पाव आणि उंच इमारत, एवढाच विषय. ते तिथल्या पोरापोरांच्या तोंडी झालं. गाणं हसवणारं आहे, पण आर्किटेक्टच्या नकाशात जे नव्हतं ते त्यात बरोबर पकडलंय. हजारो मुलं असतील असा हिशोब केला, त्यांच्यासाठी खाली पुरेसं काही केलं नाही. दुकानं कमी. आणि लिफ्ट. एकतिसाव्या मजल्याचं सगळं आयुष्य एका लिफ्टच्या मर्जीवर. ती बंद पडली की बाळ, बाबागाडी आणि बटाट्याची पिशवी घेऊन जिना.

आणि एक गोष्ट, जी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. टॉवरचा पाया खणायच्या दोनच वर्षं आधी, १९६२ ला, स्प्रिंगबर्नची ती इंजिनाची कंपनी बंद पडली होती. वाफेचा जमाना गेला. पुढच्या वीस वर्षांत जहाजबांधणीही आटत गेली. म्हणजे ज्यांच्यासाठी घरं बांधली त्यांचा पगारच गेला. आता सांगा, यात ३१ मजल्यांचा दोष किती आणि बंद कारखान्यांचा किती? तरी पुढं जे जे बिघडलं ते सगळं टॉवरच्या नावावर लिहिलं गेलं. पोरं बिघडली, टॉवरमुळं. दारू वाढली, टॉवरमुळं. टीव्हीवर दाखवायला टॉवर सोपा. बंद पडलेला पगार कॅमेऱ्यात येत नाही.

१९७७ च्या ऑगस्टमध्ये तेविसाव्या मजल्यावर आग लागली. बारा वर्षांचा एक मुलगा गेला. आगीत ॲस्बेस्टॉस उघडं पडलं आणि बरीच कुटुंबं त्या इमारतीत परत जायला तयार होईनात. १९८० च्या सुमारास कौन्सिलनंच ठरवलं की दोन इमारती मुलाबाळांच्या कुटुंबांना राहायला योग्य नाहीत. त्या विद्यार्थ्यांना आणि वायएमसीएला दिल्या. बघा हं, बांधून पंधरा वर्षं झाली नव्हती.

त्याच १९८० मध्ये थॅचरबाईंच्या सरकारनं कायदा आणला. भाडेकरूला राहतं घर सवलतीत विकत घेता येईल. ऐकायला फार छान. आपल्याकडं कुणी आणला तर मी पण पहिल्या दिवशी अर्ज करीन. पण विकत कोण घेणार आणि काय घेणार? पुढं-मागं बाग असलेली बैठी, दुमजली कौन्सिलची घरं भराभर गेली. ॲस्बेस्टॉसच्या टॉवरमधला सव्विसावा मजला कोण घेतो? ज्यांना जमलं ते निघून गेले. ज्यांना जमलं नाही ते आणि ज्यांना दुसरीकडं कुणी ठेवून घेत नव्हतं ते, असे टॉवरमध्ये उरले. कौन्सिलकडं चांगली घरं कमी, अवघड घरं जास्त. नंतर कौन्सिलनं रखवालदार बसवले, दाराला इंटरकॉम लावले, बाहेरून रंगरंगोटी केली. काही काळ बरंही झालं म्हणतात. पण वय झालेल्या लिफ्टला रंग देऊन ती तरुण होत नाही. २००३ ला ग्लासगो कौन्सिलनं आपली ८० हजारांवर घरं एका गृहनिर्माण संस्थेकडं सोपवली आणि मालकीतून हात काढून घेतला. त्या संस्थेनं दोनच वर्षांत रेड रोड पाडायची भाषा सुरू केली.

मधल्या काळात तिथं नवे रहिवासी आले होते. कोसोवो, इराक, आफ्रिकेतले देश, जिथं जिथं आग लागली तिथून पळून आलेली माणसं. सरकारनं त्यांना आश्रयाचा निकाल लागेपर्यंत या रिकाम्या पडत चाललेल्या टॉवरमध्ये ठेवलं. स्कॉटिश म्हाताऱ्या आणि ही माणसं एकाच लिफ्टमध्ये. भांडणं झाली, मैत्र्याही झाल्या. काही जणांनी सांगितलंय की आयुष्यात पहिल्यांदा बिनधास्त झोप लागली ती रेड रोडला. आणि २०१० च्या मार्चमध्ये आश्रय नाकारलेल्या एका कुटुंबातले तिघं तिथंच जिवानिशी गेले, हेही त्याच इमारतीचं. एकाला ते घर पन्नास वर्षं पुरलं, एकाला एक रात्र पुरलं नाही. यातलं खरं रेड रोड कुठलं?

आता ज्या प्रसंगासाठी ही सगळी कथा सांगितली तिथं येतो.

२०१४ ला ग्लासगोत कॉमनवेल्थ स्पर्धा होत्या. उद्घाटन २३ जुलैला. दोन टॉवर २०१२ आणि २०१३ ला पाडून झाले होते, सहा उरले होते. एप्रिलमध्ये आयोजकांनी जाहीर केलं की उद्घाटन सोहळ्याच्या वेळी, थेट प्रक्षेपणात, रेड रोडचे पाच टॉवर स्फोटानं पाडणार. स्टेडियममधल्या मोठ्या पडद्यावर दिसणार, जगभर टीव्हीवर दिसणार. पंधरा सेकंदांचा खेळ. जुनं ग्लासगो पडलं, नवं उभं राहतंय, असं जगाला दाखवायचं.

पाच का? सहावा का नाही? कारण सहाव्यात अजून आश्रयाला आलेली माणसं राहत होती. त्यांना त्या दिवसापुरतं बाजूला नेणार होते आणि कार्यक्रम झाल्यावर परत आणून सोडणार होते. धुळीच्या मैदानात उरलेल्या एकट्या टॉवरमध्ये.

मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा दोनदा वाचलं. वाटलं इंग्रजी समजण्यात माझी चूक होतेय. चूक नव्हती. शहाणीसुरती, मोठ्या पगाराची माणसं एका बैठकीत बसली होती आणि त्यांच्यातल्या कुणाला हे चुकीचं वाटलं नव्हतं.

गावातल्या लोकांना मात्र वाटलं. कॅरोलिन लेकी नावाच्या, स्कॉटिश पार्लमेंटच्या माजी सदस्य असलेल्या बाईंनी विरोधात सह्यांची मोहीम काढली. दहा-बारा दिवसांत सतरा हजारांवर सह्या. कुणाच्या घराचा फटाका करू नका, एवढंच म्हणणं. यातले बरेच जण टॉवर पाडायच्या विरोधात नव्हते, ही गोष्ट महत्त्वाची आहे. पाडा, पण टाळ्यांसाठी पाडू नका. १३ एप्रिलला आयोजकांनी बेत रद्द केला. कारण दिलं सुरक्षिततेचं. चुकलं असं स्पष्ट म्हणायला जगात कुठल्याच कमिटीची जीभ वळत नाही, याचं मला उगाचच बरं वाटलं. म्हणलं, आपल्यासारखेच आहेत.

सुरक्षिततेचं कारण तसं पोकळ पण नव्हतं. याच शहरात १९९३ ला असाच एक मोठा ब्लॉक स्फोटानं पाडला होता. बेसिल स्पेन्स या नामवंत आर्किटेक्टनं गॉर्बल्स भागात बांधलेला, ओलीमुळं रहिवाशांनी वर्षानुवर्षं ज्याच्याविरुद्ध भांडण केलेलं. पाहायला गर्दी जमली होती. उडालेल्या ढिगाऱ्यानं त्या गर्दीतली एक बाई गेली. पाहायला आलेली.

शेवटी २०१५ च्या त्या रविवारी सहाही टॉवर पाडले. आजूबाजूच्या अडीच हजार लोकांना घरं सोडून जायला सांगितलं होतं. पुढचं तुम्हाला माहीत आहे, दोन पडलेच नाहीत. त्यांचे उरलेले मजले नंतर यंत्रांनी हळूहळू काढावे लागले. आणि मी इकडं बसून विनोदी ओळ दिली.

आता आपल्याकडं. नोएडाचे ट्विन टॉवर आठवतात ना? २८ ऑगस्ट २०२२. सकाळपासून सगळ्या चॅनेलवर उलटी मोजणी चालू होती. तिथं कुणी राहिलेलं नव्हतं, बेकायदा बांधकाम होतं, म्हणून मी त्याबद्दल काही म्हणत नाही. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये पुण्याचा चांदणी चौकातला पूल रात्री एक वाजता उडवला, तोही पहिल्या झटक्यात पूर्ण पडला नाही आणि आपण दोन दिवस मीम बनवली. पूल आहे, हरकत नाही. पण आपल्याला सवय लागलीय. काहीही पडत असलं की मोबाईल वर. उद्या घर असलं तरी मोबाईल वरच, आणि मंगळवारी तेच झालं. माझ्यासकट.

दुसरा संबंध बीडीडी चाळींचा. त्या बांधल्याच मुळी इंग्रजांनी, १९२० च्या दशकात. गिरणी कामगारांना सरकारनं भाड्यानं घर द्यायचं, हीच तिकडची कल्पना इकडं आणली. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग, शिवडी मिळून २०७ चाळी. १६० चौरस फुटांची खोली आणि संडास सार्वजनिक. शंभर वर्षं माणसं राहिली. आता त्या पडतायत आणि २०२५ च्या ऑगस्टमध्ये वरळीत ५५६ कुटुंबांना चाळीस मजली टॉवरमधल्या ५०० चौरस फुटांच्या घरांच्या चाव्या मिळाल्या. फार चांगली गोष्ट. मी यावर नाक मुरडणाऱ्यातला नाही. चाळीतल्या कॉमन संडासाबद्दल ज्यांना प्रेम वाटतं ते बहुतेक कधी त्या रांगेत उभे राहिलेले नसतात. घरात संडास येणं ही क्रांती आहे, रेड रोडला होती तशी वरळीलाही आहे.

पण रेड रोड वाचलेला माणूस म्हणून मला चाव्या वाटपाच्या फोटोपेक्षा लिफ्टचं बिल बघायचं असतं. पंधराव्या वर्षी ती लिफ्ट बदलायचे पैसे कुणाकडून येणार? कमावता मुलगा गेला तर पस्तिसाव्या मजल्यावरची म्हातारी मेंटेनन्स कुठून भरणार? तिकडं मालक कौन्सिल होतं आणि तरी जमलं नाही. इकडं मालक आपण स्वतः. पाडण्याचा दिवस बातमीत येतो, चावीचा दिवस येतो. मधली पन्नास वर्षं कुणी कव्हर करत नाही. मला वाटतं पत्रकार म्हणून आमचं खरं चुकतं ते इथं.

आपल्या क्वार्टर्सचंच घ्या. मंगळवारच्या बातमीसाठी मी जुन्या फाईली चाळल्या. उद्घाटनाचा फोटो सापडला, हार घातलेले पाहुणे, मागं नवी कोरी इमारत. त्यानंतर थेट ‘धोकादायक’ अशी नोटीस. मधल्या काळातलं एक कात्रण नाही. टाकी फुटली होती तेव्हा बायका दीड महिना खालून पाणी नेत होत्या, हे मला मंगळवारी मावशींनी उभ्या उभ्या सांगितलं. तेव्हा मी याच गावात बातमीदार होतो. माझ्या घरापासून ही क्वार्टर्स दहा मिनिटांवर.

ग्लासगोवाल्यांनी एक काम मात्र चांगलं केलं. पाडायच्या आधीची काही वर्षं तिथं लोक जाऊन बसले, रहिवाशांशी बोलले, आठवणी टिपून ठेवल्या, फोटो जमवले. ॲलिसन अर्विन नावाच्या लेखिकेनं रहिवाशांशी बोलून त्यावर कादंबरी लिहिली, २०११ ला आली. आज टॉवर नाहीत, पण कुणी म्हणलं की तिथं सगळे गर्दुल्लेच राहायचे, तर दाखवायला कागद आहे. आपल्याकडं कुणी म्हणलं की क्वार्टर्समध्ये काय, नुसती भांडणंच असायची, तर दाखवायला माझी मंगळवारची बातमी आहे. त्यात पोकलेनचा फोटो आहे.

म्हणून एक काम काढलंय. क्वार्टर्समधली बहुतेक कुटुंबं सध्या स्टेशनच्या मागं आणि नव्या वस्तीत भाड्यानं राहतायत, नवी इमारत होईपर्यंत. ती कधी होईल हा वेगळा विषय, त्याच्या मागं मी लागलोच आहे, फाईल कुठल्या टेबलावर आहे ते पुढच्या पोस्टमध्ये लिहीन. तोपर्यंत, तुमच्यापैकी कुणी तिथं राहिलं असेल, लहानपणी कुणाकडं खेळायला गेलं असेल, लग्नाचं-बारशाचं जेवण तिथल्या गच्चीवर झालं असेल, तर जुने फोटो शोधा. मोबाईलवर फोटोचा फोटो काढून पाठवला तरी चालेल. मागं तारीख लिहिली असेल तर ती बाजू पण पाठवा. रविवारी दुपारी मी वाचनालयात बसणार आहे, ज्यांना बोलायचंय त्यांनी या, रेकॉर्ड करून ठेवतो. फोटोत कुणाचा चेहरा टाकायचा नसेल तर सांगा, टाकणार नाही.

पहिला फोटो काल मावशींच्या नातीनं पाठवला. निळी भिंत आहे, रंग नुकताच दिलेला दिसतोय. पुढं गॅसची शेगडी, शेगडीवर कढई, कढईत चकल्या. कोपऱ्यात एक माणूस अर्धा कापला गेलाय, नुसता हात आणि ताट. कोण ते तिलाही आठवत नाही. मावशींना विचारून सांगते म्हणाली.